धाकटी, मधली, थोरली

“पाईपच तर हाय साहेब! वरून दीड फूट कापला होता, आता सॉकेट लावून जोडला. थेंबभर पाणी गळायचं नाही, माझी गॅरंटी!”

असं म्हणून त्या गृहस्थानं तो पोल थेट गुर्जरसाहेबांच्या नाकासमोर धरला. गुर्जरसाहेब म्हणजे राज्य स्पर्धेचे बांबूउडीचे मुख्य पंच. पक्के पुणेरी, नियमाचं पुस्तक कोळून प्यायलेले. पण कापून जोडलेल्या पोलाबद्दल त्या पुस्तकात काही लिहिलं असावं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटेना. ते चष्मा पुसत होते, पुन्हा लावत होते आणि पुन्हा पुसत होते.

“अहो, पण कापला का?” शेवटी त्यांनी कसंबसं विचारलं.

“जीपमधी बसंना ना साहेब. पाथर्डीपासून नाशिकपर्यंत काय बाहेर लोंबकळत आणायचा? मी म्हणलं, कापू. तिथं गेल्यावर जोडू. आपला धंदाच हा. पंचवीस वर्षं नळजोडणी करतोय.”

हे भानुदासमामा. त्यांच्या मागं मान खाली घालून उभा होता तो त्यांचा भाचा, गहिनीनाथ आघाव. एकोणीस-वीस वर्षांचा, ताडमाड उंच, लांब हातांचा. पोराचा चेहरा असा झाला होता की आता रडतो का मग रडतो. फायबरचा पोल म्हणजे पाण्याचा पाईप नव्हे. तो वाकतो आणि वाकून माणसाला वर फेकतो, सगळी जादू त्या वाकण्यात. मधे लोखंडी सॉकेट घातल्यावर तो वाकणार कसला? मोडणार, आणि मोडताना पोराला घेऊन मोडणार.

“हा पोल चालणार नाही,” गुर्जरसाहेब म्हणाले. “दुसरा असेल तर आणा. नसेल तर नाइलाज आहे.”

पोरगं आमच्याकडं वळलं. आम्ही सात-आठ उडीवाले गवतावर पाय ताणत बसलो होतो. त्यानं एकेकाकडं बघितलं आणि का कोण जाणे, माझ्यापाशी येऊन थांबलं.

“भाऊ, एक पोल द्याल का?”

आता तुम्हाला सांगायला हवं, आमच्या बांबूउडीवाल्यांची एक रीत आहे. मागितलेला पोल नाही म्हणायचं नाही. ज्यानं एकदा तरी चौदा-पंधरा फुटी पोल एसटीच्या टपावर बांधून नेलाय, कंडक्टरशी भांडण केलंय, वळणावर झाडाच्या फांदीत अडकून ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्यात, त्याला दुसऱ्याची अडचण सांगावी लागत नाही. रीत म्हणजे रीत. मग समोरचा सख्खा वैरी का असेना.

माझ्याकडं तीन पोल होते. सगळ्यात मऊ ती धाकटी, त्याहून जरा ताठ ती मधली आणि सगळ्यात कडक ती थोरली. पोलीस क्वार्टरच्या व्हरांड्यात तिघी आडव्या टांगलेल्या असायच्या, आणि माझी बायको मंदा त्यांच्यावर कपडे वाळत घालायची. मी ओरडलो की म्हणायची, “तुमच्या लाडक्या लेकींनी घरातलं एवढं काम केलं तर झिजणार नाहीत त्या.”

“धाकटी घे,” मी म्हणालो.

“साळोखे,” गुर्जरसाहेबांनी विचारलं, “दुसऱ्याचा पोल वापरायला मालकाची संमती लागते. आहे?”

“आहे साहेब.”

वर प्रेक्षकांत मंदा बसली होती. डबा उघडून शेंगदाण्याची चटणी बोटानं चाखत होती. तिनं तिथूनच कपाळाला हात लावला. चटणीचाच हात.

तिचंही बरोबर होतं म्हणा. माझं वय तेव्हा चौतीस. बांबूउडीत चौतीस म्हणजे म्हातारपण. राज्याचं विजेतेपद सलग सहा वर्षं माझ्याकडं होतं, आणि कोल्हापूरहून निघताना आमच्या साहेबांनी बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, “साळोखे, या खेपेला जिंकलास तर अजून एक वर्ष मैदान तुझं. हरलास तर मात्र बाकीच्यांसारखं ड्युटीवर यायचं. मोर्चा, जत्रा, मंत्र्यांचा दौरा, जिथं बंदोबस्त लागेल तिथं.” साहेब माणूस चांगला, रागानं नव्हते बोलले. पण मला बंदोबस्ताच्या विचारानंच कापरं भरायचं. पहाटे मैदानावर जायचं नाही, पोल खांद्यावर घ्यायचा नाही, तर मग उत्तम साळोखे म्हणून उरणार काय? दोरीला धरून उभा राहिलेला एक हवालदार.

स्पर्धा सुरू झाली. गहिनीनाथची पहिली उडी बघितली आणि माझी पाठ ताठ झाली. अहो, पोरगं कसलं, वाराच! बार लावला होता त्याच्या हातभर वरून गेलं. पण गेलं कसं? पाय एकीकडं, डोकं दुसरीकडं, आणि डावा हात तर पार कोपरात दुमडलेला. गादीवर पडलं तेही तोंडावर.

“कुठं शिकलास रे?” मी विचारलं.

“कुठं न्हाई भाऊ. वढ्यावरून उड्या मारायचो येळूच्या काठीनं. मग शाळेत सरांनी पोल आणून दिला, पण सर कबड्डीचे.”

“डावा हात वाकतोय तुझा. पोल खड्ड्यात टेकताना डावा हात ताठ पायजे. दाराला आतून रेटा देतोस ना, तसा.”

“असा?”

“तसा नव्हे. असा. कोपर इकडं.”

मी उठून त्याचं कोपर धरून दाखवलं. वरून मंदाचा खाकरल्याचा आवाज आला. मी खाली बसलो. मनाशी ठरवलं, आता तोंडाला कुलूप. आपली उडी भली आणि आपण भले.

कुलूप किती टिकलं? पुढची उडी मारायला तो धावला आणि मी बसल्या जागी ओरडलो, “गुडघा! गुडघा वर घे!” माझ्या शेजारचा साताऱ्याचा मोहिते माझ्याकडं बघायला लागला. “उत्तमराव, तुम्ही स्पर्धेला आलाय का शिकवणीला?”

“अरे, चुकतंय त्याचं. बघवत नाही.”

“मग डोळे मिटा की!”

डोळे मिटले तरी कान उघडेच ना. पळण्याच्या आवाजावरून मला कळायचं, शेवटची पावलं लांब पडली. च्यायला, असली विद्या म्हणजे खाजच. एकदा उठली की खाजवल्याशिवाय राहवत नाही.

बार वर वर चढत गेला आणि एकेक जण गळत गेला. मोहिते गेला, मुंबईचा एक जण गेला, नागपूरचा लंगडत गेला. गहिनीनाथ काही जाईना. धाकटी त्याच्याखाली आता फारच वाकायला लागली होती. एवढ्या मऊ पोलात त्याचा वेग सगळा वायाच जात होता. तो पुन्हा माझ्यापाशी आला.

“भाऊ, मधली...”

“घे.”

“साळोखे, मालकाची संमती?” गुर्जरसाहेब.

“आहे.”

आता मंदा पायऱ्या उतरून कठड्यापाशीच आली. डबा काखेत. “अहो, जरा इकडं या.”

मी गेलो.

“काय चाललंय तुमचं? धाकटी दिलीत, मधली दिलीत. आता घरात थोरली आणि मीच राहिलोय.”

“अगं, रीत आहे.”

“रीत पोल द्यायची आहे. कोपर धरून शिकवायची पण आहे का? स्वतःच्या पायावर धोंडा पाडायचाच असेल तर निदान लहानसा तरी निवडा. हा केवढा आणलाय हुडकून!”

मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिनं ते चटणीच्या डब्यात बंद केलं. तेवढ्यात भानुदासमामा तिथं आले. हातात पुन्हा सुटा केलेला तो दीड फुटाचा तुकडा आणि सॉकेट. मंदाला हात जोडून म्हणाले, “वहिनी, तुमचे मालक म्हणजे देवमाणूस. काही बी काम पडू द्या. नळ, मोरी, टाकी, काही बी. मी पाथर्डीहून येऊन करून देतो.”

“आमची मोरी तुंबतीच,” मंदा म्हणाली. “पण आज मला तुमचा राग आलाय भाऊजी. जीपमध्ये तिरका नसता का बसला?”

मामांनी त्या तुकड्याकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. “तिरका,” ते म्हणाले. “हे डोक्यातच न्हाई आलं बघा.”

शेवटी आम्ही दोघंच उरलो आणि बार गेला साडेचार मीटरवर. ही उंची राज्यात तोवर एकाच माणसानं मारली होती, तीही एकदाच, आणि तो माणूस मी. प्रत्येकाला तीन संधी. माझ्या दोन गेल्या. पहिलीला मांडी लागली, दुसरीला छाती. गहिनीनाथच्याही दोन गेल्या. मधली आता त्याच्या जोरापुढं धनुष्यासारखी वाकत होती आणि त्याला वर फेकायच्या ऐवजी नुसती पुढं सोडत होती. दोन्ही वेळा तो बरोब्बर बारवर जाऊन बसला.

आता हिशेब सरळ होता. आधीची उंची मी पहिल्या झटक्यात मारली होती, त्यानं तिसऱ्या. दोघंही इथं अडलो तर विजेता मी. म्हणजे मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. पोरगं तिसऱ्यांदा मधली घेऊन जाईल, तिसऱ्यांदा बारवर बसेल, आणि एक वर्ष मैदान माझं.

त्याचा नंबर माझ्या आधी. तो उठला आणि मधली हातात घेतली. थोरली माझ्या मांडीवर आडवी होती. त्यानं तिच्याकडं नुसतं एकदा बघितलं, नजर काढून घेतली आणि चालायला लागला. मागितली नाही हो त्यानं. एवढं घेतल्यावर आता कुठल्या तोंडानं मागू, असं त्याच्या चालण्यात दिसत होतं.

रीत मागितलेला पोल द्यायची. न मागितलेल्याची काही रीत नव्हती. मला कुणी नावं ठेवली नसती, मोहित्यानंसुद्धा नाही.

पण मी त्याच्या पाठीकडं बघत होतो आणि मला त्या पोराची उडी दिसत होती. अजून मारायची होती ती. थोरली हातात घेतलेला, डावा हात ताठ, पाय आभाळाकडं आणि बारच्या वितभर वरून खाली उतरणारा. इतकं स्वच्छ मला माझं स्वतःचं उडणंही कधी दिसलं नव्हतं. ती उडी तिथं होती आणि तिच्यात नि त्याच्यात एका पोलाचंच अंतर होतं.

“ए गहिन्या!”

तो वळला.

“मधली ठेव खाली. थोरली घे.”

“भाऊ, न्हाई. तुमची तर अजून एक उडी राहिलीय.”

“मग माझी उडी काय थोरली गिळून बसणार आहे का? तू मारून आलास की मी घेईन.”

“मला न्हाई झेपायची ती. लई कडक हाय.”

“झेपतीय. ऐक नीट. पकड चार बोटं खाली घे. धाव दोन पावलं मागून सुरू कर. आणि खड्ड्यात टेकताना भ्यायचं नाही. ती पहिल्यांदा वाकायला नाही म्हणणार. तू रेट. थोरलीला धाकानं नाही, नेटानं वाकवायचं असतं. आणि डावा हात...”

“ताठ,” तो म्हणाला.

गुर्जरसाहेब जवळ आले. या खेपेला त्यांनी चष्मा काढून हातात घेतला आणि आवाज खाली आणला. “साळोखे, मालकाची संमती लागते. ती द्यायलाच हवी असा नियम नाही. मी थांबतो. विचार करून सांगा.”

मी मंदाकडं बघितलं. तिनं दोन्ही हातांनी डोळे झाकले होते, पण बोटांच्या फटीतून बघत होती.

“आहे साहेब. संमती आहे.”

गहिनीनाथनं थोरली उचलली, दोन पावलं मागं सरला आणि धावला. पोल टेकला. थोरलीनं वाकायला कुरकुर केली. पोरगं क्षणभर लटकलं, आता मागं फेकलं जातंय की काय असं वाटलं. मी उभा राहून ओरडलो, “रेट!” आणि त्यानं रेटलं. थोरली वाकली आणि मग उलटी अशी सुटली म्हणता! पोरगं पाय वर करून उभंच्या उभं आभाळात गेलं. जाताना पोटानं बारला पुसटसं शिवलं. बार थरथरला, नाचला आणि राहिला.

पांढरं निशाण वर गेलं. भानुदासमामा तो कापलेला तुकडा हवेत फिरवत मैदानात घुसले आणि दोन पोलिसांनी त्यांना धरून बाहेर नेलं. बंदोबस्त चांगला होता.

आता माझी पाळी. खेळ संपला नव्हता. मी ही मारली असती तर पारडं पुन्हा माझ्याकडं. आणि मी मनापासून मारली, कुणाला दान द्यायला निघालो नव्हतो मी. थोरली हातात घेतली, धावलो, टेकवली, वर गेलो. कंबर गेली, पोट गेलं, मला खाली बार दिसला. आणि मग छातीनं त्याला नेलंच.

मी गादीवर उताणा पडलो. बार माझ्या पोटावर आडवा. लाल निशाण वर गेलं. मैदान एकदम शांत झालं. सहा वर्षांचा विजेता पडला म्हटल्यावर टाळी वाजवावी की हळहळावं, हे लोकांना कळेना. त्या शांततेत मी पडल्या पडल्या मान वळवली, गहिनीनाथला शोधलं आणि मोठ्यानं ओरडलो,

“अरे, डावा हात वाकलाच तुझा शेवटी! म्हणून बार हलला. ताठ असता तर वितभर वरून गेला असतास!”

आधी गुर्जरसाहेब हसले. त्यांना हसताना त्याआधी कुणी बघितलं नव्हतं म्हणतात. मग मोहिते, मग सगळं मैदान.

मंदा गादीपाशी आली तेव्हा मी अजून तसाच पडलो होतो.

“काय झालं ते कळलं का तुम्हाला?” तिनं विचारलं.

“हरलो.”

“ते कळलं ना? मला वाटलं, तेवढंच राहिलं की काय. आणि हरल्यावर पहिला शब्द तोंडातून काय निघाला?”

“डावा हात,” मी म्हणालो.

“उठा मास्तर,” मंदा म्हणाली. “चटणी-भाकरी खा.”

मी उठलो. मला रडू यायला हवं होतं. मी आतमध्ये चाचपून बघितलं, दुःख कुठं सापडतंय का. थोडं होतं, नाही म्हणत नाही. पण त्याच्यावर आनंद असा चढून बसला होता की त्याला हलायला जागाच नव्हती. असा आनंद मला माझ्या स्वतःच्या सहा वर्षांत झाला नव्हता. मी भाकरी खाताखाता गहिनीनाथला गुडघ्याबद्दल सांगत होतो, आणि तो भाकरी खाताखाता ऐकत होता.

बंदोबस्त लागायचा तो लागलाच. साहेबांनी शब्द पाळला. पण महिन्याभरात भानुदासमामा भाच्याला घेऊन कोल्हापुरात हजर. आमची तुंबलेली मोरी मोकळी केली आणि पोरगं मागं ठेवून गेले. जाताना म्हणाले, “मी जोडायला गेलो ते जमलं न्हाई. आता तुम्ही बघा.” मग काय, पहाटे मैदान आणि मग ड्युटी. शिकणारी पोरं एकाची तीन झाली, तिनाची दहा झाली. आज त्यांची मोजदाद मंदाच ठेवते, कारण भाकऱ्या तिनं थापल्यात. मामा पुन्हा सॉकेट लावून ठेवून गेले तो पोल अजून आमच्या व्हरांड्यात टांगलेला आहे. कपडे वाळत घालायला तिला तोच पसंत. वाकत नाही म्हणते.

पुढच्या वर्षी राज्य स्पर्धा आली तेव्हा माझी रजा नामंजूर झाली. मी एका जत्रेत दोरी धरून उभा होतो, आणि गहिनीनाथ माझ्या तिन्ही लेकी घेऊन एकटाच स्पर्धेला गेला होता. दिवसभर कुणी काही विचारलं तरी मी भलतंच उत्तर देत होतो. एका बाईनं देवळाची वाट विचारली, तिला म्हणे मी “सरळ पळत जा” म्हणून सांगितलं. संध्याकाळी क्वार्टरवर आलो तर शेजारच्या फौजदारांच्या घरून हाक आली, “साळोखे, तुमचा फोन!” मी बूट न काढता धावलो. मंदा पीठ माखलेल्या हातानं माझ्या मागं.

“हॅलो! गहिन्या?”

तिकडून नुसता गलका आणि दम लागलेला आवाज.

“भाऊ, डावा हात ताठ होता! पार शेवटपर्यंत! गुर्जरसाहेबसुद्धा म्हणाले!”

“कोपर?”

“कोपर बी!”

“शाब्बास रे माझ्या वाघा,” मी म्हणालो. मी डोळे पुसत फोन खाली ठेवायला निघालो. मंदानं तो माझ्या हातातून हिसकावून घेतला.

“अरे बाबा, तुझ्या मास्तरांना काही सुचत नाही,” ती ओरडली. “मला सांग, उडी किती मारलीस? आणि जिंकलास का?”